मंदाबाईची डावी बाजू

"गुंजन, व गुंजन! कुठी राहिली व?"

चालता चालता मंदाबाईंनी हाक मारली आणि उजवीकडून मान वळवून मागे पाहिलं. गुंजन त्यांच्या डाव्या खांद्याशीच चालत होती. इतकी जवळ, की वाऱ्याने उडणारा सासूचा पदर तिच्या मनगटाला लागत होता.

"आत्या, इथंच तं आहो मी."

मंदाबाई दचकल्या. आवाज कुठून आला ते शोधत त्यांनी अख्खं अंग फिरवलं, तेव्हा कुठे सून दिसली. "इथं होती का? मले वाटलं, पाणी प्याले थांबली."

मागून येणाऱ्या रुखमिणीने संधी सोडली नाही. "सून दिसली का डोळे मिटूनच घेते काय व मंदा? माही सासूही अशीच होती!"

साऱ्या जणी हसल्या. मंदाबाईही हसल्या. गुंजनला मात्र हसू आलं नाही. सकाळपासून हे असंच चाललं होतं, आणि दर वेळी ती सासूच्या डाव्या बाजूलाच असायची.

दिघोरीच्या बाया पवनीला पायदळ निघाल्या होत्या. वैनगंगेच्या घाटावरच्या महादेवाला शिवरात्रीच्या दिवशी पाणी घालायचं, तेही आपल्या गावच्या तलावाचं. जिने तिने आपला गडू भरून, तोंडाला फडकं बांधून आणला होता. आदल्या दिवशी गाव सोडलं, वाटेत एका शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम केला, आणि आता ऊन डोक्यावर येत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाण्याने चकाकत होत्या. नदीकडून रेतीचे टिप्पर येत होते, धूळ उडवत, बाजूने जाताना साडीचा घोळ ओढत. सगळ्यांच्या पायात चपला होत्या. मंदाबाईंच्या पायात नव्हत्या. कारण नवस त्यांचा होता.

नवस नवऱ्यासाठी होता. मागच्या वर्षी धानाचे भारे बांधता बांधता तुलाराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला तो उठलाच नाही. तोंड उजवीकडे ओघळलं, उजवा हात लोंबला, उजवा पाय फरफटू लागला, आणि बोली गेली. घरच्यांनी त्याला आधी लकव्याची दवा देणाऱ्या वैद्याकडे नेलं. तिथे तेल झालं, कबुतराच्या रक्ताचं मालिश झालं, मीठ बंद झालं. दोन दिवसांनी दवाखाना गाठला, तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "आता आलात?" ते दोन शब्द गुंजनच्या कानातून कधी गेले नाहीत.

तेव्हापासून तुलारामला समजत सारं होतं, पण तोंडातून निघायचं एकच, "हो बा." पाणी पाहिजे तरी हो बा, नको तरी हो बा, राग आला तरी हो बा. त्या 'हो बा'मधला फरक ओळखणारं घरात एकच माणूस होतं. स्वयंपाकघरातून मंदाबाई सांगायच्या, "पाठ खाजून राहिली त्याइची, जाय जरा." आणि खरंच पाठच खाजत असायची.

दिघोरीत लकवा म्हणजे काय हे लहान लेकराला विचारलं तरी ते तुलारामची नक्कल करून दाखवी. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली. लकवा असाच असतो. दुसऱ्या तऱ्हेचा असतो हे कुणी पाहिलं नव्हतं, कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग कार्तिकात, भजनाच्या मंडळीत भिंतीला टेकून बसलेल्या तुलारामने तोंड उघडलं आणि महादेवाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. शब्द न् शब्द स्वच्छ. पेटी वाजवणाऱ्याचे हात थांबले. मंदाबाई उंबऱ्यात होत्या, त्यांनी तिथेच लोटांगण घातलं. गाणं संपल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, "बरं वाटते का आता?" तर तो म्हणाला, "हो बा." पण मंदाबाईंना तेवढं पुरे होतं. देवाने अर्धं दिलं, उरलेलं अर्धं अनवाणी चालत जाऊन मागायचं.

तर अशी ही वाट होती.

मंदाबाई कोण, हे दिघोरीच्या आजूबाजूला सांगावं लागत नसे. रोवणीच्या बायांमध्ये त्यांचं नाव पहिलं. चिखलात वाकून, पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात धरून, उजव्या हाताने रोपं खोवत त्या मागे मागे सरकायच्या, आणि मागे वळून न पाहता त्यांची पात अशी सरळ यायची की धुऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, कोणी दोरी धरली होती. गाणं त्याच उचलत. थट्टाही त्यांचीच. गुंजन लग्न होऊन आली तेव्हा तिला रोप दोन बोटांत कसं धरायचं हेही येत नव्हतं. मंदाबाईंनी साऱ्या बायांसमोर सांगितलं होतं, "हिले कोणी हसजो नको. मी पहिल्या वर्षी उलटी रोवली होती, मुळं वर!" ते खोटं होतं. पण त्या दिवसापासून गुंजनला ही बाई आपली वाटू लागली. नवरा वीरेंद्र नागपूरला कंपनीत, महिन्या-पंधरवड्याने येणारा. घरात सासू-सून आणि खाटेवर तुलाराम; या यात्रेपुरता वीरेंद्र त्याच्याजवळ थांबला होता.

आणि पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्या रोवणीतच विचित्र घडलं होतं. सकाळी मंदाबाई डोकं धरून उठल्या. मानेच्या वर, मागच्या बाजूला ठणकत होतं. तरी गेल्या. दुपारी पार्वताबाईने आरडाओरड केली. तिची पात मंदाबाईंच्या डाव्या हाताला होती आणि दोघींच्या मधला पट्टा उघडाच पडत चालला होता.

"मंदा, तुह्या वाट्याचं मी रोवू का व? अर्धी पात सोडून राहिली तू!"

"कुठी सोडली? पाह्य, भरली हाय सारी."

"डोळे फुटले का तुहे?"

बाया सरळ झाल्या. धुऱ्यावर मालक उभा होता, तो पाहत राहिला. मंदाबाईंच्या उजव्या हाताकडची रोपं ओळीने उभी होती. डाव्या हाताकडे नुसतं चिखलाचं पाणी, आणि त्या पाण्यात आभाळ. मंदाबाईंनी तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भरलीच हाय तं." दुसऱ्या दिवसापासून त्या रोवणीला गेल्या नाहीत. गावात डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर होतं, तिथे त्यांनी अक्षरं वाचून दाखवली. डोळे चांगले आहेत, असं तपासणारे म्हणाले. मग पार्वताबाईने पसरवलं की मंदाला आता आंग चोरायची सवय लागली. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कधी आंग चोरलं नाही, तिला ते विळ्यासारखं लागलं. रक्तदाबाच्या गोळ्या तर त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या. सोमवारी उपास, आणि गोळीने उपास मोडतो. मग मंगळवारी कशाला, असं करत करत.

वाटेत एका गावाच्या वेशीपाशी आंब्याखाली लोकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी फराळाची सोय केली होती. पळसाच्या पत्रावळीवर साबुदाणा, भगर, बटाट्याची भाजी, एक केळं. मंदाबाई जेवल्या, हात झटकला आणि वाढणाऱ्याला म्हणाल्या, "भाजी नाही वाढली गा मले."

"वाढली ना माय."

"कुठी वाढली?"

गुंजनने पाहिलं. पत्रावळीची उजवी बाजू चाटूनपुसून स्वच्छ. डाव्या बाजूला भाजी जशीच्या तशी, केळंही तसंच. मधून सुरीने कापल्यासारखं. हात पुढे करून तिने पत्रावळ हळूच अर्धी फिरवली.

"हे पाह्य, आता वाढली," मंदाबाई म्हणाल्या आणि खुशीने जेवू लागल्या.

रोवणीतला तो उघडा पट्टा तिच्या डोळ्यासमोर आला. घरातल्या गोष्टी आठवल्या. डाव्या चौकटीला आदळून नेहमी काळंनिळं असणारं मनगट. अर्धीच विंचरलेली वेणी. शेणाने अर्धंच सारवलेलं अंगण. एकेक गोष्ट तेव्हा तिने हसण्यावारी नेली होती. आता त्या साऱ्या डाव्या बाजूला एका रांगेत उभ्या होत्या. महादेवा, हे काय चाललं आहे, ती मनात म्हणाली. उत्तर यावं म्हणून तिने खरंच डोळे मिटले. मागून टिप्परचा हॉर्न तेवढा आला.

पुढे निघाल्या तेव्हा रुखमिणी एकदम थांबली. "अग्गो बाई! मंदा, तुहा पाय!"

डांबरावर लाल ठसे उमटत होते. एका आड एक. फक्त डाव्या पावलाचे. मंदाबाईंच्या टाचेत बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता, बोटाएवढा, आणि त्या कधीपासून त्यावरच चालत होत्या कोण जाणे.

"दुखून नाही राहिलं का व?"

"काय?" मंदाबाईंनी खाली पाहिलं. "मले तं काहीच नाही समजलं."

रुखमिणीने काच ओढून काढली. मंदाबाईंचा चेहरा हललासुद्धा नाही. मग ती थट्टेखोर रुखमिणी रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि त्या पायावर तिने डोकं ठेवलं. "महादेवानं धरला हा पाय. देवानं झेललं दुखणं तुहं." मागून येणाऱ्या दुसऱ्या गावच्या बायाही थांबल्या. कोणी पायाला हळद लावली, कोणी ते रक्त बोटावर घेऊन कपाळाला लावलं. एक म्हातारी पाया पडली. मंदाबाई ताठ उभ्या होत्या. पंधरा-वीस दिवस खाली गेलेली मान वर आली होती. आंग चोरणारी मंदा आता देवाने हात धरलेली मंदा झाली होती. त्यांचं तोंड असं उजळलेलं गुंजनने रोवणीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तिलाही वाटत होतं की पाया पडावं. देव असं करू शकतो यावर तिचाही विश्वास होता. पण देवाने धरलेला पाय, आणि डाव्या बाजूची भाजी, आणि डाव्या बाजूचा चिखल? देव एकाच बाजूचं कसं काय धरेल?

दुपार कलली तेव्हा पूल आला. पलीकडे पवनी, घाट, देवळाचे कळस. खाली वैनगंगा, रेतीत खड्डे पडलेली. बायांनी जयजयकार केला आणि चाल वाढवली.

रस्त्यात पडलेला एक गडू गुंजनने उचलला. फडकं ओळखीचं होतं, सासूच्या जुन्या लुगड्याचं. पाणी अर्धं सांडलं होतं. ती झपझप चालत सासूच्या उजव्या बाजूने पुढे आली.

"आत्या, गडू कुठी आहे?"

"हातात हाय ना."

"कोणत्या हातात?"

"डाव्या. कायले इचारते?"

मंदाबाईंचा डावा हात कोपरातून वाकलेला, पुढे धरलेला होता. बोटं गोल होती, गडू धरल्यासारखी. त्यात काहीच नव्हतं. त्या पाहतही नव्हत्या. त्यांना पक्कं ठाऊक होतं की गडू तिथे आहे, तलावाचं पाणी तिथे आहे.

तेवढ्यात मंदाबाई डावीकडे सरकल्या. कळस पाहत सरकल्या, रस्त्याच्या मधे. डावीकडून टिप्पर येत होता, हॉर्न देत, आणि त्यांना तो नव्हताच. गुंजनने मोकळ्या हाताने पाठीमागून लुगडं पकडलं आणि खेचलं. दोघी कठड्यावर आदळल्या. टिप्परचा वारा तोंडावर आला, रेतीचे कण डोळ्यांत गेले. ड्रायव्हर शिवी देऊन निघून गेला.

"काय झालं व? काहून ओढली मले?" मंदाबाईंना खरोखरच कळलं नव्हतं.

आणि मग त्या कठड्याला धरून खाली बसल्या. "हा पूल काहून फिरून राहिला?" त्यांनी एकदा, दोनदा ओकारी केली. उठायला गेल्या तर दारू प्यायल्यासारखा तोल जाऊ लागला.

"उपासानं झालं," कोणी म्हणालं. "ऊन लागलं. दर्शन घेतलं का उतरते."

"दवाखान्यात न्या लागते," गुंजन म्हणाली. "आत्ता. हे लकव्यातलंच आहे काही तरी."

रुखमिणी चिडली. "तोंड वाकडं नाही, हात चालून राहिले, मंत्र्यावानी बोलून राहिली ते. लकवा असा रायते का व? तुह्या सासऱ्याले पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं म्हणूनच म्हणतो."

मंदाबाई भिंतीसारख्या उभ्या राहायला पाहत होत्या आणि राहता येत नव्हतं. "गुंजन, कळस दिसून राहिला मले. पाणी घातल्याबिगर मी दवाखान्यात पाय नाही ठेवणार. त्याइची बोली मागितली हाय म्या. नवस मोडला तं त्याइचं काय होईन?"

गुंजन आजवर सासूला उलट बोलली नव्हती. ती खाली बसली, गडू बाजूला ठेवून सासूचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं, उजवीकडे, जिथून ती दिसली असती. "आत्या, मामाजीले दोन दिवस आपण मालिशच करत बसलो. तुमाले आठवते का डॉक्टर काय म्हणाले?"

मंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या म्हणाल्या, "नाही येणार मी."

पुलावरून कैलाशचा ऑटो येत होता. तो दिघोरीचाच, जत्रेसाठी सवाऱ्या मारत होता. गुंजनने हात केला, एका हातात गडू उचलला, दुसऱ्याने सासूला दंडाला धरलं आणि ओढलं. मंदाबाईंनी शिव्या दिल्या. "सटवी! माह्या देवाच्या अना माह्या मधात आली तू!" बाया पाहत राहिल्या. कोणी पुढे आलं नाही, मदतीलाही नाही आणि अडवायलाही नाही. ऑटोत बसवल्यावर फक्त रुखमिणी जवळ आली. तिने गुंजनच्या हातातला गडू काढून घेतला.

"आण तो इकडं. घालतो मी तिच्या नावानं," ती म्हणाली, आणि सासू-सुनेच्या तोंडाकडे न पाहता घाटाकडे चालू लागली.

पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मंदाबाईंसमोर बोटं धरली. उजवीकडची त्यांनी मोजून सांगितली. डावीकडे धरलेल्या बोटांना म्हणाल्या, "कुठी हायेत?" मग पायाला टाचणी टोचली. मग त्यांनी आणखी काही न करता ॲम्ब्युलन्स बोलावली.

भंडाऱ्याला मशीनमध्ये डोक्याचे फोटो निघाले. तिथली डॉक्टर तरणी होती, गुंजनच्या वयाची असेल. तिने फोटो उजेडात धरून दाखवला. "हा डाग पंधरा-वीस दिवसांचा आहे. उजवीकडची, मागची नस बंद पडली. डोळे चांगले आहेत यांचे. पण डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेणारी जागा मेंदूच्या मागे असते, ती गेली. म्हणून डावीकडचं जग यांना नाहीच. त्याच नसेवर खाली दुखणं-चटका कळायची जागा असते, तीही गेली, डाव्या अंगाची. आणि हा दुसरा, आजचा. लहान मेंदूचा. चक्कर, तोल त्याच्यामुळे."

"पण आत्याचं तोंड नाही वाकडं झालं, बोली नाही गेली," गुंजन म्हणाली. "माह्या सासऱ्याचं..."

"उजवा हात आणि बोली गेली ना? त्यांची डावीकडची, पुढची नस असणार. कोणती नस बंद पडते त्याच्यावर काय जाईल ते ठरतं. आजार एकच."

"मामाजी गाणं म्हणते. बोलता नाही येत, पण गाणं म्हणते."

डॉक्टर थोडं हसली. "असं होतं. बोलणं डावीकडून येतं, पण गाण्याला उजव्या बाजूचा आधार असतो. ती बाजू त्यांची शाबूत आहे."

म्हणजे कार्तिकातलं ते गाणं लकवा झाल्या दिवसापासून मामाजींच्यात तसंच पडून होतं. गुंजनने बराच विचार केला आणि मग तिला वाटलं, एका बाजूला बोली आणि दुसऱ्या बाजूला गाणं अशी वेगवेगळी ठेवणारा तरी कोण होता? सासूला मात्र तिने हे सांगितलं नाही.

मंदाबाई खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे तलावाच्या नहरीवानीच हाय हे. ज्या नहरीचं तोंड बुजलं, तिच्याच खालच्या बांध्या सुकते. त्याइची येगळी सुकली, माही येगळी."

"तसंच, आजी."

"अना ज्या तुडुमातून सारं पाणी सुटते, थे? थे बुजलं तं?"

डॉक्टरने फोटो खाली ठेवला. मानेतून वर जाणाऱ्या मागच्या नसा एक होतात तिथे बोट टेकवून ती गुंजनलाच म्हणाली, "ही अरुंद झाली आहे. चालू आहे अजून. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. ही बंद पडली तर गिळणं, श्वास, सगळं इथूनच..." आणि तिने पुढे बोलणं सोडलं. मंदाबाई तिच्या बोटाकडे पाहत होत्या. ते बोट उजवीकडे होतं, त्यांना दिसत होतं.

घरी आणल्यावर तुलाराम काठी टेकत आला. बायकोच्या खाटेजवळ उभा राहिला, डाव्या अंगाला. किती तरी वेळ. मंदाबाई छपराकडे पाहत पडून होत्या. "हो बा," तो म्हणाला. त्यांनी मान उजवीकडे फिरवली, दाराकडे पाहिलं. "आवाज तं आला. कुठी हाय ते?" तो हलला नाही. चांगल्या डाव्या हाताने त्याने खाटेची कड धरली होती आणि त्याचा ओघळलेला ओठ थरथरत होता. आपण इथे आहोत, हे त्याला सांगता येत नव्हतं. गुंजनने खाट भिंतीपासून ओढून उलटी फिरवली, तेव्हा मंदाबाईंना नवरा दिसला.

"इथं होय तुमी?" त्या हसल्या. "कवा आले?"

तेव्हापासून त्यांचं रोज असं चालतं. गोळ्या गुंजन देते, सोमवारीही. जेवताना ताट फिरवते. मंदाबाई कधी मानतात, कधी भांडतात की डाव्या बाजूला काही नव्हतंच. शेजारणी येतात, पाहतात, तोंड सरळ, बोली खणखणीत, आणि जाताना कुजबुजतात की सुनेने नवस मोडला म्हणून हे सारं. पार्वताबाई एकदा येऊन खाली मान घालून बसून गेली. कधी मंदाबाईंच्या मानेत ठणका येतो. त्या वेळी घरात सारे आवाज थांबतात. तुलारामही मान वर करून ऐकत राहतो, जसं पावसाळ्यात तलावाची पाळ फुटते की काय म्हणून रानातून कान द्यावा.

काल सांजवेळी तुळशीपाशी दिवा लावून गुंजन आत आली. मंदाबाई बसल्या होत्या. आपला डावा हात उजव्या हाताने मांडीवर घेऊन, कोणी विसरून गेलेली वस्तू पाहावी तसं पाहत होत्या.

"गुंजन, इकडं ये. हिकडून ये, मले दिसशीन अशी."

ती उजवीकडे जाऊन बसली.

"त्या दिवशी पुलावर मी तुले सटवी म्हटली."

"जाऊ द्या ना आत्या."

"ऐक. त्याइचं गेलं तं त्याइले माहीत हाय का गेलं. रडते थे. माहं गेलं तं मलेच पत्ता नाही. गडू हातात हाय म्हणून मी देवाची शपथ घेतली असती. भरलीच हाय पात म्हणून पार्वतासंग भांडली. म्हणून तुले सांगून राहिली. आता जे जे जाईन, थे मले सांगत जाजो. खोटं नको बोलजो, धीर देवाले म्हणूनही नको. अना ज्या दिवशी तू सांगशीन अना मी तुले शिव्या घालून म्हणन, मले काहीच नाही झालं, मी नाही येत, मले महादेवाकडं जा लागते... त्या दिवशी माहं काही ऐकजो नको, पोरी. पुलावर ओढलं तसंच ओढून नेजो."